उलटं येणारं विमान

ऑल्बोर्ग, रविवार

प्रिय बाबा,

मी मजेत आहे. आईला सांगा, तिचा काळा पाव अजून पुरतोय.

रिमोटचं विमान उडवायचा सराव करायला काँप्युटरवर फुकटचा सिम्युलेटर मिळालाय. आजवर दोनशे विमानं आपटली. एक सांगा, विमान आपल्याकडे तोंड करून यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं, तेव्हा तुम्ही काय करता? मी आपली खुर्चीत पाठमोरी होऊन मान वळवून बघते. मांजर बघत बसतं.

काल क्लबच्या मैदानावर थोर्किलकाकांनी त्यांचं खरं विमान मला उडवायला दिलं. ते नाक खाली करून बिटाच्या शेताकडे निघालं, आणि मी काय करावं? रिमोट सोडून समोर हवेत बोट दाबलं! घरी सिम्युलेटरच्या पडद्यावर तिथे पुन्हा सुरू करायचं बटण असतं ना.

"काय गं, कुणाची बेल वाजवतेस?" काका म्हणाले. तोवर विमान सावरलंही होतं. त्यांच्या हातातला दुसरा रिमोट माझ्या रिमोटला जोडलेला होता, मला पत्ताच नव्हता.

हात थरथरतात म्हणून तुम्ही पिवळं विमान माळ्यावर टाकलंत, असं आई म्हणाली. खरं का? ईस्टरला मी येतेय, ते खाली काढून ठेवा. उडवणार तुम्हीच. दुसरा रिमोट घेऊन मी मागे उभी राहीन.

सायकल शिकवताना तुम्ही सीट कधी धरलीत, कधी सोडलीत, मला कळू दिलं नव्हतंत. मीही कळू देणार नाही.

तुमची,
टोव्हे