तृप्तीची चिठ्ठी

परतूर, १४ जुलै २०२५

चि. वंदना,

मंगळवार, ८ जुलै, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. तू मुख्याध्यापिका झालीस तेव्हा मी पेढे वाटले होते, म्हणून आशीर्वाद लिहिते. बाकी गोड काही नाही.

मुलींनी नाव न घालता चिठ्ठ्या टाकायच्या आणि दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी उत्तरं द्यायची, यासाठी शाळेत ती पेटी होती. त्या मंगळवारी, त्या यायच्या आत तू ती उघडलीस. नववीच्या वर्गात मोठ्यानं वाचलंस, ‘पाळी वीस दिवस थांबत नाही, हे बराबर आहे का?’ वर म्हणालीस, “हे तर तृप्तीचं अक्षर! असलं घरी विचारायचं, बाई.” पोरं हसली.

तृप्ती माझ्याकडे भांड्याला येणाऱ्या दैवशालाची लेक. घरी ती बोललीच नाही. शुक्रवारी नळावर चक्कर येऊन पडली, तेव्हा मी मायलेकींना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. हिमोग्लोबिन साडेपाच! जालन्याला नेऊन रक्त चढवावं लागलं. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, “या वयात होतं असं, गोळ्यांनी थांबतं. आधी का नाही आणलं?”

दैवशाला म्हणाली, “मला काय ठावं? पोरगी तोंड उघडून न्हाई राह्यली. शाळेत उघडलं तर हे असं! मंग शाळा कशाला? तिचा बाप म्हणून राह्यलाय, पुढल्या सोमवारी दाखला काढून आणतो.”

माझे गुडघे बरे आहेत. विचारत नाहीस, तरी सांगते.

तू म्हणशील, ‘मला हे शिकवलं कुणी? बाई, तुम्हीच.’ खरं आहे. आमच्या कॉन्व्हेंटात प्रजननाचा धडा आला की सिस्टर पानं उलटायला लावायच्या. विज्ञान शिकवायला लागल्यावर मीही तेच केलं. १९९४ साली, दहावीत, तू हात वर करून त्याच धड्यातलं विचारलंस. मी तुला अख्खा तास बाकावर उभं केलं. तुझा प्रश्न मला शब्दन्‌शब्द आठवतो, इथे लिहीत नाही. वर्ग हसला होता. मीही हसले होते.

त्याची माफी कागदावर मागणार नाही, समोर येऊन मागेन. पण तुला तर ठाऊक होतं ना, तिथे उभं राहिल्यावर कसं वाटतं?

तृप्तीच्या घरी जा, तिच्या बापासमोर चूक कबूल कर. पेटीची किल्ली डॉक्टरीणबाईंना दे. दोन्ही कधी करणार ते लेखी कळव. फोनवर तू फार गोड बोलतेस. उत्तर शुक्रवारी, १८ जुलैला, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात हवं. नाही आलं, तर शनिवारी मी नववीच्या वर्गात येईन आणि आधी माझं सांगेन, मग तुझं.

तुझी बाई,
उषाबाई