मधला एक महिना

गो वाप, सायगॉन
१४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

लुआचा नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, कुणी मेलेलं नाही. फोनवर दाजी स्पीकर लावून बसतात, मग आपलं कसलं बोलणं होणार! त्यांची कंबर कशी आहे? यंदा नारळ बरे उतरले का?

माझा पत्ता पुन्हा बदललाय. हसू नकोस. नव्या वर्षाच्या टेट सणापासून ही चौथी खोली. पहिलीत ओल होती. दुसरीत शेजारी रोज कॅराओके लावायचा, आणि गळा असा की कोंबड्यांनी अंडी घालणं सोडावं. तिसरी खरं तर छान होती, पोटमाळा होता, खिडकी होती. मालकीण मात्र नको तिथं नाक खुपसणारी, म्हणून सोडली.

ही मिळेपर्यंत कारखान्यातून सुटले की मी गल्ल्या धुंडाळत सुटायचे. बसवत नसे, चैन पडत नसे. चार दिवसांसाठी जागा हवी तर ढीगभर मिळतात गं इथं. मला वर्षभराची हवी होती, स्वस्त हवी, आणि कुणी काही विचारायला नको. तिथंच घोडं पेंड खायचं. एका घरमालकिणीनं विचारलं, "एकटीच का?" म्हटलं, "एकटीच." माझ्या सैल सदऱ्याकडे बघत म्हणाली, "एकटी कसली गं, दीड आहेस!" आणि दार लावून घेतलं.

जाऊ दे ताई, लिहूनच टाकते. मला दिवस गेलेत. सहावा सरत आलाय.

तिसऱ्या मालकिणीनं मला मीठ-मिरची लावून कैरी खाताना पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सामान दारात. शिव्या नाही दिल्या हो, हात जोडून म्हणाली, "पोरी, मरायला जागा देईन, बाळंतपणाला नाही. घराची बरकत जाते." आईसुद्धा हेच म्हणायची. आपल्या मागच्या खोलीतल्या भाडेकरणीला तिनं नवव्या महिन्यात होडीत बसवून दिलं होतं, आठवतं? आपण दोघी काठावरून मजेत हात हलवत होतो.

पोराच्या बापाचं विचारू नकोस. ट्रक घेऊन उत्तरेला गेला तो गेलाच. रडून झालंय माझं.

ही चौथी खोली आठव्या आजीची. भावंडांत आठवी, म्हणून अख्खी गल्ली तिला तशीच हाक मारते. या वेळी मी दारातच सांगून टाकलं, "आजी, मी पोटुशी आहे. बरकत जाईल म्हणतात." सुपारी चघळत तिनं मला खालून वर न्याहाळलं. "जायला आधी असायला नको का गं?" म्हणाली आणि खो खो हसली. खोली वर्षभरासाठी दिली, भाडंही उतरवलं.

पण मग अडखळली. खाली तिच्या सुनेचं नूडल्सचं दुकान आहे, आणि बाळ येणार ऐन टेटच्या तोंडावर. सून घाबरते. "दवाखान्यातून थेट इथं नको येऊस बाई. बाळाला महिना भरला की ये, मीच गोड भात शिजवीन. तो मधला एक महिना तेवढा कुठंतरी काढ."

"कुठं काढू?"

"आईकडे जा."

"आई नाही, आजी."

"मग आईचं घर तरी असेल की!"

 

आईच्या गेल्या श्राद्धाला दाजींनी तिच्या खोलीत खताची पोती रचलेली बघून मी भडकले. तू मध्ये पडलीस आणि म्हणालीस, "तुझं आता इथं काय आहे?" मी तशीच उपाशी निघून आले. राग अजून आहे, खोटं कशाला बोलू. पण तुझी आठवणही तेवढीच येते.

पहिलं मूल आईच्या घरी, दुसरं नवऱ्याच्या, असं आपल्याकडे म्हणतात. माझ्याकडे ना नवरा, ना आई. उरलं ते घर.

पोती राहू देत जागेवर, मी पडवीत निजेन. दाजींना काय सांगायचं ते तू बघ. मला एवढंच कळव, ते घर अजून आईचं आहे, की आता तुझंही राहिलं नाही?

पत्ता पाकिटावर आहे. आता बदलणार नाही, तो एक महिना सोडून.

तुझी धाकटी,
आता दोन जिवांची,
लुआ