खरकट्याची बादली आणि माझी काकडी

४ मार्च, सोमवार

आज ताटात दात सापडला. अर्धाच होता, उकडलेल्या बटाट्यात रुतलेला. चमच्याने उचलून बादलीत टाकला आणि पुढचं ताट घेतलं. कँटीनच्या सिंकवर आठ महिन्यांत एवढंच शिकलो — आलेली ओकारी परत गिळायला.

साठ-सत्तर ताटं, शिवाय वाट्या, पेले, पातेली. ऑफिसातले लोक शिकलेले. जेवतात, मग त्याच ताटात नाक पुसलेला कागद टाकतात आणि वर हात धुतात. ते सगळं माझ्यापुढे. पाण्यावर तेलाचा तवंग येतो, तो मनगटाला कड्यासारखा बसतो. घरी दोनदा साबण लावला तरी वास तसाच.

भाजी चिरणारा शनिवारी काम सोडतो आहे. कोरडं टेबल, स्वच्छ सुरी, कोणीही न चावलेली भाजी. मला ते टेबल हवं आहे. बाकी काही नको.

म्हणून आज धीर करून वस्तादांना, म्हणजे मुख्य आचाऱ्यांना, माझ्या डब्यातली काकडी दिली. स्वयंपाकघरात ते म्हणतील ती पूर्व दिशा.

"काय आहे हे?"

"व्हिनेगरमधली काकडी. फ्रिजमध्ये एका रात्रीत होते."

दोन फोडी खाल्ल्या. तोंड वाकडं केलं नाही. "उद्यापासून शनिवारपर्यंत रोज एक बरणी आण. ताटात दोन-तीन फोडी वाढू. मग बादली बघू."

बादली म्हणजे माझ्या सिंकशेजारची खरकट्याची. जेवणं झाली की वस्ताद लांब पळीने ती ढवळतात आणि कोणी काय टाकलं ते बघतात. दुसऱ्या दिवशीची भाजी त्यावर ठरते. "माणूस तोंडावर बरं म्हणतो," ते म्हणाले. "खरकटं खोटं बोलत नाही." बादलीत माझी फोड दिसली नाही, तर टेबल माझं.

संध्याकाळी बरणी उकळत्या पाण्यातून काढली, उलटी वाळवली. काकडी, गाजर, मुळा — चकत्या एकसारख्या, पट्टी लावून बघितल्या. व्हिनेगर आणि पाणी सारखं, मीठ, साखर, मिरी, लसूण. उकळलं, निववलं, ओतलं. झाकणावर कागद चिकटवला. 'व्हिनेगर' हा शब्द बाटलीवर बघून लिहिला. नववीत शाळा सुटली म्हणून काहीही लिहायचं असं नाही.

तेवढ्यात भावजी आले आणि बोट घातलं! टेबलं पुसून आलेलं बोट. वर चोखलंही. "मेहुणे, एका रात्रीत होतं ते लोणचं कसलं? ते तर आंघोळ करून आलेलं सॅलड."

ताई हसली. मी वरच्या चकत्या काढून फेकल्या.

५ मार्च, मंगळवार

बादलीत चकत्याच चकत्या. रश्शात तरंगत होत्या. एकीवर दातांच्या खुणा, म्हणजे चावून बघून थुंकलेली. वस्तादांनी पळी माझ्यासमोर धरली.

व्हिनेगर जास्त झालं. आज पाणी वाढवलं, साखर चिमूटभर जास्त. दोन बरण्या केल्या, बुधवारची आणि गुरुवारची. गुरुवारची जास्त मुरेल.

भावजींबद्दल लिहायचं नव्हतं, पण लिहितो. ते त्याच कँटीनमध्ये ताटं गोळा करतात आणि ट्रॉलीवरून माझ्याकडे आणतात. मला चिकटवलं त्यांनीच. राहतोही त्यांच्याकडेच. पण खांद्यावरच्या एकाच फडक्याने टेबल, कपाळ आणि मान! घरी फ्रिज उघडा ठेवून दुधाच्या पातेल्याला तोंड लावतात. मिशीला साय. ताईला हे दिसत नाही का?

६ मार्च, बुधवार

आजही टाकलं. कालच्यापेक्षा कमी, तरी दोन वाट्या भरतील इतकं.

घरी आलो तर गुरुवारची बरणी खिडकीत! झाकण काढलेलं, तोंडाला फडकं बांधलेलं. तेच फडकं, खांद्यावरचं. सकाळपासून उन्हात. आत फेस, लसूण हिरवट, एक माशी फडक्याच्या पदरावर चालत होती.

भावजी खूश होते. "सकाळी निघताना मीच ठेवली. लोणच्याला ऊन दाखवावं लागतं रे. थंडीत गारठून कधी मुरतं का ते? कच्चं राहत होतं, म्हणून लोक टाकत होते."

हे त्या लोणच्यासारखं नाही, यात तेल नाही, हे फ्रिजबाहेर सडतं, हे दहा वेळा सांगितलं होतं. मी बरणी सिंकमध्ये उपडी केली. आणि म्हणालो, "माझ्या कशालाही हात लावू नका. मला तुमची किळस येते."

ताईची लाटणं धरलेली मूठ तशीच राहिली. "काय बोललास?"

"बोलू दे गं," भावजी म्हणाले. फडकं सोडवलं, घडी घातली आणि बाहेर जाऊन बसले.

मी पुन्हा काकडी चिरायला घेतली. ताईने मला मीठसुद्धा हातात दिलं नाही. भांडं ओट्यावर आपटून ठेवलं.

माफी मागायला हवी, हे कळतं. पण ती माशी डोळ्यांपुढून जात नाही.

७ मार्च, गुरुवार

बादलीत एकही फोड नाही.

वस्तादांनी तीनदा ढवळलं. मीही नंतर हात घालून बघितलं — होय, हात घालून. भात, बटाटा, कागद, हाडं. काकडी नाही, गाजर नाही.

साखर! काल रात्री आणखी चिमूटभर घातली, तिनेच काम झालं.

८ मार्च, शुक्रवार

आजही नाही. वस्ताद म्हणाले, "काय घातलंस रे यात? साहेब लोक ताटं चाटायला लागले." मी प्रमाण सांगितलं. ते ऐकत होते. माझं बोलणं कोणी इतका वेळ ऐकलं नव्हतं.

भावजी ट्रॉली ठेवतात आणि वळून जातात. एक शब्द नाही. बरंच आहे. आज त्यांना ढेकर आली, आंबट. माझ्या अंगावर काटा आला.

९ मार्च, शनिवार

तीन दिवस बादलीत एक फोड नाही. टेबल मिळालं.

वस्तादांनी सगळ्यांसमोर सुरी हातात दिली. लाकडी मूठ, पातं झिजून चंद्रकोरीसारखं. सोमवारपासून माझं लोणचं रोज. दोन बरण्या.

सिंकमध्ये शेवटचं ताट धुतलं तेव्हा चाळणीत अडकलेला केसांचा गोळा काढला. मुद्दाम नीट बघून घेतला. पुन्हा बघायचा नाही.

घरी सांगितलं. ताईने डोक्यावर हात ठेवला. भावजी म्हणाले, "झालं ना तुझं? बास." आणि तोंड धुवायला गेले.

१० मार्च, रविवार

भावजी जेवले नाहीत. ताई म्हणते, त्यांचं तोंड आलं आहे. ओठ सोललेले, जिभेवर पांढरे फोड. गार दूध चमच्याने ओठांच्या कोपऱ्यातून घेतात, अर्धं हनुवटीवर ओघळतं. मी त्यांच्यासमोरच जेवायला बसलो होतो. मी माझं ताट उचलून बाहेर गेलो. ताईने बघितलं.

"उद्या ते रजेवर आहेत," ती म्हणाली. "तू एकटाच जा."

दोन बरण्या तयार. चकत्या इतक्या एकसारख्या कधीच जमल्या नव्हत्या.

११ मार्च, सोमवार

आज ताटं दुसऱ्याने गोळा केली. दीड वाजता वस्तादांनी चिरण्याच्या टेबलावरून मला बोलावलं. बादलीत वर सगळ्या चकत्याच तरंगत होत्या. काकडी, गाजर, मुळा. मंगळवारपेक्षा जास्त.

"तीन दिवस कुठे जात होतं रे हे?" ते म्हणाले.

मला माहीत नव्हतं. मग माहीत झालं.

घरी भावजी भिंतीला टेकून बसले होते. मी विचारलं. आधी मान हलवून नाही म्हणाले. मग जीभ सांभाळत बोलले, "टाकणार कुठे? बादली तुझ्यापाशी. एक दिवस खिशात भरलं, तर पँट भिजली. मग सिंककडे येतानाच्या बोळात ट्रॉली थांबवून..." पुढचं हाताने दाखवलं. तोंडाकडे.

"सगळं? लोकांच्या ताटातलं?"

"सगळ्यांनी नव्हतं टाकलं रे. तीस-चाळीस ताटं."

मी खाली बसलो. त्यांनी दुधाचा चमचा वाटीत ठेवला.

"काकडी चांगली होते तुझी," ते म्हणाले. "मुळा मात्र घालू नकोस. उग्र लागतो."