आईचा समेट

बाबा,

आज देवळातून उपासना संपायच्या आधीच उठून आले. यांना घरी ठेवून गेले होते आणि शेजारीण तासाभराच्या बोलीवर त्यांच्यापाशी बसली होती, हे एक कारण झालं. खरं म्हणजे आमचे नवे पाळक समेटावर बोलत होते, आणि मला ते बसून ऐकवेना. तरुण आहेत, माइक तोंडाशी धरून छान बोलतात. माणसाचं देवाशी असलेलं नातं कसं तुटलं, ख्रिस्तानं वधस्तंभावर ते कसं जोडून दिलं, सगळं नीट उलगडून सांगत होते. एक शब्द चुकीचा नव्हता. मला मात्र ऐकता ऐकता दमायला झालं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आता मला नक्की आठवत नाही, पण समेट हा शब्द कुणीही उच्चारला तरी तो तुमच्याच तोंडचा वाटतो. यांना अर्धांग झाल्यापासून दुपारी त्यांचा जरा डोळा लागतो, तेवढा वेळ माझा. त्या वेळात हे लिहिते आहे.

शेवगावच्या पलीकडचं आपलं ते गाव मला अजून दिसतं. उन्हाळ्यात भेगा पडणारी काळी जमीन, बाभळी, आणि मातीच्या भिंतींवर पत्रा टाकलेलं देऊळ. आठवडाभर तिथेच शाळा भरायची, रविवारी पाट्या-पेन्सिली कोपऱ्यात सारून उपासना व्हायची. पाळक तुम्ही आणि मास्तरही तुम्हीच. लढाईचे दिवस होते, रॉकेल आणि साखर रेशनवर मिळायची, मंडळीतली दोन-चार माणसं पलटणीत गेलेली होती आणि त्यांच्या घरच्यांना आलेली पत्रं तुम्हीच वाचून दाखवायचा. उपदेशात तुम्ही पुस्तकी बोलत नव्हता. एकदा म्हणालात, "दोन घरांचं बिनसलं तर आपण काय म्हणतो? ज्याचं चुकलं त्यानं आधी यावं, पागोटं पायावर ठेवावं. गावचा न्याय असाच हाय. आता देवाचा न्याय बघा. चुकलं आपलं, पाठ आपण फिरवली, अन् आधी आला कोण? ज्याचं काडीचं चुकलं नव्हतं तो आला. आल्याबद्दल आपण त्याला मारलं, तरी तो समेट करूनच गेला." बायकांच्या बाजूला आई धाकट्याला मांडीवर घेऊन बसलेली असायची. तुम्ही असं काही बोललात की ती डोक्यावरचा पदर सारखा करायची. तिला तुमचा अभिमान होता, बाबा. तोंडानं ती कधी म्हणाली नसेल.

आणि तुम्ही नुसतं बोलतच नव्हता. भांडण मिटवायला आसपासच्या गावांतून तुम्हाला बोलावणं यायचं. आपल्या मंडळीतले बोलवायचे, कुणबी बोलवायचे, मुसलमान विणकरांच्या घरातूनही एकदा माणूस आला होता. तुम्ही काळा कोट चढवून निघालात की आई म्हणायची, निघाली स्वारी समेट करायला. हसून म्हणायची.

धाकट्याला ताप आला तेव्हा थंडी सरत आली होती. आदल्या दिवसापासून त्याचं अंग गरम होतं. सकाळी शेजारच्या गावाहून निरोप आला, की मंडळीतल्याच दोन सख्ख्या भावांची विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून जुंपली आहे, कुऱ्हाडी बाहेर निघाल्या आहेत, पाळकांनी लगेच यावं. आई चुलीपाशी बसलेली आहे, धाकटा तिच्या मांडीवर आहे, तुम्ही कोटाची बटणं लावता आहात.

"आज नका जाऊ," ती म्हणाली. "प्वाराचं अंग लई तापलंय."

"उतरंल ताप. काढा दे त्याला. मी गेलो न्हाई तर तिकडं मुडदा पडंल."

"अन् हितं काय झालं तर मला कोन हाय?"

"देव हाय," तुम्ही म्हणालात आणि निघालात. तिला गप्प करायला तुम्ही तसं बोलला नव्हता. तुम्हाला खरंच तसं वाटत होतं. लहान होते तरी तेवढं मला कळत होतं.

दुपारी ताप चढला. पोर डोळे फिरवायला लागलं. आईनं शेजारच्या मामांना तुमच्यामागे पाठवलं. नगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरची मोटार पेट्रोलवाचून उभी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून बैलगाडीनं शेवगाव गाठायचं असं तिनं ठरवलं. तुम्ही आलात की निघायचं. कुणाची तरी गाडी मिळाली, त्यात गोधडी अंथरून झाली, बैल जुंपून उभे राहिले. आई धाकट्याला खांद्यावर घेऊन दारात उभी होती, तोंडानं एकसारखी प्रार्थना चाललेली, डोळे रस्त्यावर. दिवस मावळायच्या सुमाराला मामा आले ते एकटेच आले. आईच्या जवळ जाऊन हळू काहीतरी बोलले. ती गाडीत बसली. मला शेजारच्या मामींकडे ठेवलं. शेवगावपर्यंत गाडी पोचलीच नाही. वाटेतूनच परत फिरली.

तुम्ही सकाळी आलात. गुडघ्यापर्यंत धूळ होती आणि चेहऱ्यावर समाधान होतं, कारण ते दोघे भाऊ रात्री एका ताटात जेवले होते. अंगणात बायका बसलेल्या तुम्ही पाहिल्या. त्यानंतरचा तुमचा चेहरा मी इथे लिहीत नाही. पुरताना वचनं तुम्हीच वाचलीत, आवाज फुटू दिला नाहीत. आई तुमच्याकडे पाहत नव्हती. ती मातीकडे पाहत होती.

महिन्याच्या प्रभुभोजनाची तयारी आपल्याच घरी व्हायची. गव्हाची पोळी आई भाजायची, मनुका भिजवून, कुस्करून, फडक्यातून त्यांचा रस गाळायची. ते तिनं सोडलं नाही. देऊळ झाडणं सोडलं नाही, गाणी म्हणणं सोडलं नाही, आजारी बाईकडे पेज घेऊन जाणं सोडलं नाही. फक्त उपासनेत त्या पोळीचं आणि रसाचं ताट तिच्यापुढे आलं की तिचे हात पदराखालीच राहायचे. तुम्ही क्षणभर थांबायचा आणि पुढच्या बाईकडे वळायचा. आधी लोक म्हणाले, दुःख ताजं आहे. मग पेरण्या झाल्या, सुगी झाली, नाताळ आला आणि गेला, तरी तिचे हात पदराखालीच. शेवटी पलटणीतून परत आलेले हवालदार, जे मंडळीचे पंच होते, ते आपल्या ओट्यावर येऊन बसले. टोपी मांडीवर ठेवली. अवघडून म्हणाले, "पाळकसाहेब, वैनी ताटाला हात लावत न्हाईत. त्यांचं दुःख आमाला कळतं. पन बाकीच्या बाया बी बघत्यात. तुमी एक डाव बोला त्यांच्याशी."

तुम्ही बोललात. मी जात्यापाशी दळण निवडत होते.

"देवानं आपल्याशी समेट केलाय," तुम्ही म्हणालात. "ते जेवण त्याचीच खूण हाय. ती नाकारू नये."

आई पिठाचा हात परातीत तसाच ठेवून म्हणाली, "त्यानं केला असंल. मी कुटं केलाय?"

"असं बोलू नये."

"मग कसं बोलू? मी त्या दिवशी हाका मारल्या. त्याला मारल्या, तुमाला मारल्या. दोघांतलं कुनीबी आलं न्हाई. मी पोळी भाजून देते, तेवढं पुरे समजा."

तुम्ही बाहेर गेलात.

पुढच्या प्रभुभोजनाला तुम्ही सगळ्यांना वाढलंत, आईची पाळी आली तसे पुढे गेलात, आणि शेवटी स्वतः न घेता ताट मेजावर ठेवून त्यावर फडकं टाकलंत. "माझ्या घरात समेट न्हाई," तुम्ही म्हणालात, "आणि तो तिच्यामुळं अडलेला न्हाई, माझ्यामुळं अडलाय. तो होईपर्यंत मी हे घेणार न्हाई. अन् जो घेत न्हाई त्यानं दुसऱ्याला देऊही नये. तुम्ही दुसरा पाळक बघा." हवालदार उठून उभे राहिले आणि परत बसले. मला वाटलं, आता आई रडेल. घरी आल्यावर म्हणाली, "माजं नाव लोकांच्या तोंडी कशापायी दिलंत? घरात बोलायचं ते देवळात बोलून आला." तिचं बरोबर होतं. तुमचंही होतं, असं मला आज वाटतं, पण त्यानं कुणाचं काही हलकं झालं नाही.

नगरला मिशनच्या वरिष्ठांपुढे बोलावणं झालं. तिथे तुम्हाला काय विचारलं ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. पाळकपण गेलं, एका लहान वाडीवरच्या शाळेत नुसते मास्तर म्हणून आपली रवानगी झाली. सामान गाडीत चढवताना आई धाकट्याला पुरलं होतं तिकडे एकदा जाऊन आली. तुम्ही तिच्या मागे गेलात, पण अर्ध्या वाटेवर थांबलात.

वाडीवर पहिल्याच पावसाळ्यानंतर तुम्हाला हिवतापानं धरलं. दिवसाआड थंडी भरायची, दात वाजायचे, मग अंगाची भट्टी व्हायची. आई कपाळावर ओली पट्टी ठेवायची. एका दुपारी ताप थोडा उतरला होता. तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "मामा माझ्यापर्यंत आले होते. पोराचं सांगितलं त्यांनी. मी म्हटलं, एवढं मिटवतो अन् निघतो. मग म्हटलं, रात झाली. मला निघता आलं असतं. मी थांबलो."

आईनं पट्टी पिळली. "ठाऊक हाय."

"कुणी सांगितलं?"

"त्याच सांजंला मामांनी सांगितलं. पाळक म्हनले, मिटवून येतो."

"मग इतके दिवस बोलली का न्हाईस?"

"तुमी सांगाल म्हनून वाट बघत हुते."

तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत आणि रडलात, आवाज न करता, खाट हलत होती तेवढीच. मी दारात उभी होते. आईनं तुम्हाला जवळ घेतलं नाही, उगी उगी म्हटलं नाही. फक्त पट्टी परत ओली करून कपाळावर ठेवली आणि हात तिथून काढला नाही. बराच वेळ काढला नाही.

त्या हिवाळ्यात वाडीवर फिरते पाळक आले. शाळेच्या खोलीत प्रभुभोजन झालं. आईनं हात पुढे केला, मागून तुम्ही केलात. तिचा चेहरा काही उजळला नाही, बाबा. औषध घ्यावं तसं तिनं ते घेतलं. मोठी झाल्यावर मी तिला एकदा विचारलं, राग गेला होता का? ती म्हणाली, "राग कुटला जातोय. पन धरून बसायचा कटाळा आला. त्यानं समेट करून ठेवलाय म्हनतात, तर आपुन तिथं जाऊन निस्तं बसायचं. बोलनं सुचंल तवा बोलू." पुढे तुम्ही दोघं तिथेच म्हातारे झालात. पाळकपण तुम्हाला परत मिळालं नाही, तुम्ही मागितलंही नाहीत. संध्याकाळी ओट्यावर तुम्ही दोघं शेंगा सोलत बसायचा आणि धाकट्याचं नाव अधूनमधून निघायचं. आधी ते निघत नव्हतं.

आजच्या पाळकांच्या उपदेशात हे सगळं नव्हतं, आणि कसं असणार? त्यांनी सांगितलेला समेट वधस्तंभाच्या त्या एका शुक्रवारी होऊन गेलेला, पुरा झालेला आहे. मीही तेच मानते. पण आपल्या घरात तो पोचायला किती वेळ लागला, आणि पोचला तेव्हाही किती दमलेला होता, हे मी पाहिलेलं आहे. हॉस्पिटलात नर्स म्हणून उभा जन्म गेला. किती जणींनी किती जणांच्या उशाशी देवाला हाका मारलेल्या ऐकल्या. मी त्यांना तुमच्यासारखं 'देव आहे' असं कधी म्हटलं नाही. मी तिथे थांबायची. ड्यूटी संपली तरी थांबायची.

यांची कूस दर थोड्या वेळानं बदलावी लागते. मला ओळखतात की नाही, कळत नाही. माझा देवावर राग नाही, आईसारखं मी त्याला काही सुनावलेलंही नाही. नुसतं त्याच्या-माझ्यात बोलणं राहिलेलं नाही, जसं एका घरात फार वर्षं राहणाऱ्यांचं राहत नाही. हे तुटणं आहे की नुसतं दमणं आहे, ते तुम्ही सांगू शकला असता, किंवा आईनं तरी सांगितलं असतं.

यांनी आता हालचाल केली, उठावं लागेल. हे कुठे धाडायचं नाहीच. एक मात्र सांगून टाकते. देवळातून आले ती प्रार्थनेलाच बसले होते, बाबा. 'हे आमच्या बापा' एवढंच तोंडातून निघालं, पुढचं काही सुचेना, म्हणून मग तुम्हाला लिहायला घेतलं.