न वाचता दिलेला होकार

प्रिय महादेवी,

तू गेलीस त्याला चार महिने झाले. या चार महिन्यांत तुला लिहावंसं वाटलं नाही असं नाही. पण काय लिहू? "तुझी आठवण येते" एवढं लिहून पाकीट कुठं टाकू? काल दुपारी मात्र ते निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक वाचून संपवलं, आणि तेव्हापासून मला एका जागी बसवेना झालंय. सकाळी गॅससमोर उभी असून दूध उतू गेलं. बाजाराची पिशवी घेऊन निघाले ती कोपऱ्यावरून परत आले. सून विचारते, "आई, बरं वाटत नाही का?" तिला काय सांगू? की मी मैत्रिणीशी पन्नास वर्षं खोटं बोलले, आणि कबूल करायला गेले तर मैत्रीणच नाही?

तर ऐक. मी ते पुस्तक कधी वाचलंच नव्हतं गं!

आधीपासून लिहिते, म्हणजे माझं मलाच नीट कळेल. रेणापूरच्या अलीकडं पाझर तलावाचं दुष्काळी काम चाललं होतं, तिथं आपली गाठ पडली. दोघीही नुकत्याच मॅट्रिक झालेल्या. मी हजेरी लिहायची आणि तू मजुरांच्या पोरांना सुकडी वाटायची. तुझ्या वडिलांचं, अप्पांचं, रेणापुरात किराण्याचं दुकान. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती आणि हातात कायम कसलं ना कसलं पुस्तक. मला तू आगाऊ वाटली होतीस. माणसं मातीची पाटी डोक्यावर घेऊन मरून राहिली, आणि ही बाई बैलगाडीच्या सावलीत वाचत बसली, असं मी घरी सांगितलं होतं. आज लाज वाटते.

मग त्या दिवशी तू सुकडीच्या पातेल्याजवळ पडलीस. हातपाय वाकडे, तोंडाला फेस. कुणी चप्पल हुंगवा म्हणालं, कुणी कांदा आणायला पळालं. मी तुझं डोकं मांडीवर घेऊन बसले, कारण दुसरं काही सुचलंच नाही. लोक म्हणाले, ऊन लागलं. तू शुद्धीवर आलीस, सगळे पांगले, आणि तू माझ्या कानाशी म्हणालीस, "ऊन न्हाई लागलं, सुमन. हे लहानपणापासून हाय. फिट येते. कुणाला सांगू नको."

मी नाही सांगितलं. कुणालाच नाही. एवढं एक तरी माझ्या बाजूनं लिहून ठेव.

दुसऱ्या दिवशी तू ते पुस्तक आणलंस. दुकानाच्या रद्दीतून वाचवलेलं. "माझं सगळ्यात आवडतं हाय. तुला देते," म्हणालीस. मला कळलं, हे कालचं देणं आहे. घरी गेले, सात-आठ पानं वाचली. नदी, घाट, मंदा नावाची एक मुलगी, तिचे विचार आणि पुन्हा विचार! मला खून झालेली, पोलीस आलेली, शेवटी भलताच माणूस निघालेली गोष्ट लागते. तुला माहीतच आहे. मी पंधरा दिवस पुस्तक उशाला ठेवलं आणि परत आणून दिलं. तू विचारलंस, "कसं वाटलं?" आता कुणी आपलं काळीज हातात देऊन विचारलं तर झोप आली म्हणून कसं सांगायचं? मी म्हणाले, "लई आवडलं. शेवट तर असला हाय... मला रडूच आलं बघ!"

तू खूप हसलीस. पोट धरून हसलीस. मला वाटलं, आनंद झाला तुला.

मग ते खोटं सांभाळणं आलं. तू म्हणायचीस, "हे अगदी मंदाच्या मामासारखं झालं," आणि मी म्हणायचे, "हाव गं, अगदी!" मंदाचा मामा चांगला की वाईट, देव जाणे. तुझ्याकडून दुसरी पुस्तकं आणली, त्यातली बरीच खरंच वाचली, काही तर तुझ्याआधी संपवली. पण ते पहिलं? ते परत मागायचं कसं? वाचलेलं पुस्तक कशाला मागतेस म्हणाली असतीस.

आता मुख्य गोष्ट. हीच लिहायला हात अडतोय.

लातूर जिल्हा झाला ते दिवस आठवतात? आपण दोघी तोवर लातूरच्या कचेरीत कारकून झालो होतो. माझं लग्न होऊन दोन लेकरं झाली होती, आणि तुझ्या लग्नासाठी अप्पा वणवण फिरून थकले होते. नवे शिक्के यायचे होते. तोवर जुन्या कागदांवरचं 'उस्मानाबाद' खोडून वर 'लातूर' लिहायचं काम आपल्याकडं. बोटं जांभळी. सगळ्या कचेरीला उत्साह, मला मात्र घरी तापानं फणफणलेल्या पोरीची काळजी.

त्याच आठवड्यात बिलोलीचे गुरुजी तुला बघून गेले होते. तुमच्यातलेच, शांत माणूस, बहिणींची लग्नं करता करता स्वतःचं राहून गेलेलं. तू पहिल्यांदाच कुणाबद्दल दोन वाक्यांपेक्षा जास्त बोललीस. "त्यांनी मला काय वाचतेस असं विचारलं, सुमे. स्वैपाक येतो का, हे विचारलंच न्हाई."

जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आलीस. मी भाकरी खाता खाताच कागद खोडत होते. तू म्हणालीस, "एक विचारू? मंदानं केलं, तसं मी करू का?"

मी मान वर केली नाही. मला वाटलं, कादंबरीतली बाई आहे, लग्नाला हो म्हणत असणार, दुसरं काय करणार?

"कर की! त्यात विचारायचं काय?"

"खरंच करू?"

"हाव. मंदासारखंच कर. डोळे झाकून कर."

तू माझ्या डब्यातली लोणच्याची फोड उचललीस आणि गेलीस.

त्या रविवारी तू एकटीच बिलोलीला गेलीस. अप्पांना न सांगता, तीन एस्ट्या बदलून. गुरुजींना गाठून सांगितलंस, मला फिट येते, लहानपणापासून येते, घरच्यांनी लपवलंय, तुम्हाला माहीत असावं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला, गाडीत बसवून दिलं. आठ दिवसांनी त्यांच्या चुलत्यांचं पत्र आलं. जमणार नाही.

अप्पांनी कितीतरी दिवस तुझ्याशी बोलणं टाकलं. आणि मी? मी तर तुला कचेरीच्या व्हरांड्यात सगळ्यांदेखत झापलं. "कुणी सांगितला होता तुला हा शहाणपणा?"

तू माझ्याकडं बघून म्हणालीस, "तूच की."

मला वाटलं, चेष्टा करतेस. दुःखातसुद्धा हिला चेष्टा सुचते, असं वाटून मला आणखीच राग आला. महादेवी, तेव्हाच माझा दंड धरून का नाही सांगितलंस? का नाही भांडलीस?

पुढं आमची बदली नांदेडला झाली. तू तिथंच राहिलीस, लग्न केलंच नाहीस. भावाच्या गौरीला शिकायला स्वतःजवळ ठेवून घेतलंस. वर्षातून दोनदा माझ्याकडं यायचीस, पिशवीत पुस्तकं आणि उदगिरी डाळ घेऊन. त्यातली एक खेप माझ्या डोळ्यापुढून हलत नाही. नांदेडच्या स्टँडवर तुला सोडायला आले होते. समोर गुरुजी! बायको, दोन मुली, हातात ट्रंक. मी तुला खेचून पाण्याच्या टाकीमागं न्यायला लागले, तर तू हात सोडवून सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिलीस. "ओळखलं का सर?" ते गोंधळले, पण नमस्कार केला त्यांनी. तू धाकटीला पेरू घेऊन दिलास, शाळेचं विचारलंस, वहिनींना म्हणालीस, "सर लई चांगले हायेत."

गाडीत खिडकीजवळ बसलीस, पुस्तक उघडलंस. मी खालून बघत होते. गाडी सुटायला वीस मिनिटं लागली. तू एकही पान उलटलं नाहीस.

मी तेव्हा त्यांना मनातल्या मनात भेकड म्हणाले, तुला खुळी म्हणाले. स्वतःला काहीच म्हणाले नाही. माझा काय संबंध, नाही का?

निवृत्तीनंतर तू गावी परतलीस, आणि तिथंच परसात फुलं तोडताना गेलीस, छातीत कळ येऊन. गौरीचा फोन आला, आम्ही धावत रेणापूरला आलो. तुमच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे तुला बसवलं होतं. मांडी घालून, मान किंचित खाली. माझ्या मनात आलं, हिच्या हातात पुस्तक तेवढं द्यायचं राहिलं. निघताना गौरीनं एक पिशवी दिली. "मावशी, हे तुम्हाला द्यायचं असं आत्यानं सांगून ठेवलं होतं."

निळा पुठ्ठा, आता जवळजवळ पांढरा पडलेला.

चार महिने मी त्याला हात लावला नाही. मग लावला. आणि ऐक, चांगलं आहे गं पुस्तक! ती नदी, ते घाट, सगळं आता कळतं. मामा चांगला निघाला. आणि अर्ध्यावर मंदाचं लग्न ठरतं. तिची आई वेड लागून वारलेली, घरात सगळ्यांनी दडवलेलं. मंदा काय करते? एकटी उठून नवऱ्या मुलाच्या गावी जाते आणि त्याच्या ओट्यावर बसून सगळं सांगते.

"तूच की." चाळीस वर्षांनी तो शब्द माझ्या कानात शिरला.

म्हणजे मीच पाठवलं तुला बिलोलीला! भाकरीचा घास तोंडात ठेवून, मान वर न करता!

तशीच पुढं वाचत गेले. वाटलं, शेवटी मंदाचं तरी काय होतं ते बघू. तर शेवट कुठंय? पुस्तक वाक्याच्या मध्येच तुटतं. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला तुझं पेन्सिलीतलं अक्षर, शाळकरी, गोल गोल. "पुढची पानं अप्पांनी जिऱ्या-हिंगाच्या पुड्यांना वापरली. शेवट नाही."

महादेवी! शेवट नव्हताच! तू मला पुस्तक दिलंस तेव्हाच नव्हता. आणि मी तुला सांगितलं, शेवट वाचून रडू आलं! म्हणून पोट धरून हसलीस. पहिल्या दिवसापासून तुला माहीत होतं. मंदाच्या मामाच्या गोष्टी काढून मला "हाव, हाव" करायला लावलंस, ते सगळं माहीत असून!

आधी राग आला, खरं सांगते. मग भीती वाटली. मी वाचलं नाही हे ठाऊक होतं, तर मग विचारलंस कशाला? आणि तेही आयुष्याचा प्रश्न?

काल संध्याकाळी गौरीला फोन लावला. म्हटलं, "पोरी, तुझ्या आत्यानं त्या पुस्तकाबद्दल कधी काही सांगितलं होतं का?" ती हसली. अगदी तुझंच हसणं. "मावशी, तुम्ही ते वाचलं नव्हतं, हे आमच्या घरात समद्यांना ठाऊक हाय. मी एकदा आत्याला विचारलं, मग त्यांना कशाला विचारून गेलीस? तर म्हणाली, जायचं मी ठरवलं होतं. पण एकानं तरी 'जा' म्हणायला पाहिजे होतं. बाकी समदे अडवणार होते."

फोन ठेवला आणि ते पुस्तक पुन्हा हातात घेतलं. खरी गोष्ट मला ठाऊक आहे, आणि ती तुला आज सांगायलाच हवी. पुस्तक वाचलं असतं तर मीसुद्धा तुला अडवलं असतं. तुझे हात धरून म्हणाले असते, गप्प बस, लग्न होऊ दे, मग बघू. सगळ्यांत जोरात मीच म्हणाले असते! तुला हेही माहीत होतं का? म्हणून मान वर करायच्या आधीच विचारलंस का? आणि पुढं एवढ्या वर्षांत कधी वाटलं का, हिनं अडवायला हवं होतं? त्या गाडीत, खिडकीजवळ? याचं उत्तर गौरीकडं नाही. मी विचारलं.

आणि आता जे तुला सांगितलं नव्हतं ते. माझ्या पूजाचं, लेकीच्या मुलीचं, लग्न जमतंय. देगलूरची माणसं आहेत, मुलगा गोड आहे. पूजाला बाराव्या वर्षापासून साखर आहे, रोज इंजेक्शन घ्यावं लागतं. घरात ठरलंय, आत्ता बोलायचं नाही. हे ठरवणाऱ्यांत पहिली मी. तू शेवटची आलीस तेव्हा मी हे दडवलं तुझ्यापासून. का, ते मलाही तेव्हा कळलं नव्हतं.

पूजा सध्या माझ्याकडंच आहे; आज सकाळी तिला गच्चीवर नेलं. म्हटलं, "तुला काय करायचंय ते सांग. बाकीच्यांचं सोड."

ती वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावत राहिली. मग म्हणाली, "आजी, मला त्याला सांगायचंय. केव्हापासून सांगायचंय. पण पहिला आवाज तुझाच येतो ना, नको म्हणून."

माझी पोर, मलाच भिऊन राहिली होती!

रविवारी ती माणसं येणार आहेत. लेक-जावई रागावतील, ते मी बघते. सोयरीक मोडली तर? मोडू दे, असं म्हणायची छाती अजून झालेली नाही, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? सकाळपासून तेच डोक्यात फिरतंय. पण तुला शब्द देते. पूजा बोलेल तेव्हा मी तिच्या शेजारी बसेन, आणि कुणी तिला गप्प करायला लागलं तर त्याला आधी मला गप्प करावं लागेल. पुढं काही का होईना, "कुणी सांगितला होता शहाणपणा" असं तिला या घरात कुणी विचारलं, तर उत्तर मी देईन. मान वर करून.

तुझी,
सुमन
नांदेड