ही थट्टा नाही

प्रिय बडबडे,

तिसरीच्या वर्गात टेबलावर आपटणाऱ्या पट्टीचा आवाज अजून कानात आहे. त्या तालावर चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणायची, आणि पुढच्या बाकावरची तुझी आई मुद्दाम एखादा शब्द चुकवून मागे वळून माझ्याकडे बघायची. चूक पकडणं माझं काम. पुढे तेच पोटापाण्याचं झालं; छापखान्यात बसून जन्मभर लोकांची मुद्रितं तपासली. लग्नानंतरही सकाळच्या चहाला आमचा खेळ चालूच. तू वैतागायचीस, म्हणायचीस, तुम्ही दोघं मोठे कधी होणार?

आई गेली तेव्हा, ती झोपेतून उठलीच झटका आलेली, असं मी तुला सांगितलं. ते खोटं होतं. त्या दिवशी ती छान उठली, चहासुद्धा तिनंच केला. 'आभाळाच्या पाटीवरती' म्हणायचं तर 'आभाळाच्या चमच्यावरती' म्हणाली. मी हसलो, दहापैकी दहा गुण दिले. मग ती जे बोलली ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. तोंडाची उजवी बाजू ओघळली होती. मला वाटलं, वेडावून दाखवतेय. हातातून कप निसटला तेव्हा कुठे माझं हसू थांबलं. आणि मग मी काय केलं, तर तिला आडवं केलं. जरा पड, बरं वाटेल, म्हणालो. फरशी पुसली. पेपर वाचला. दोन तास, बडबडे. मग ती हाकेला ओ देईना, तेव्हा धावाधाव. डॉक्टरांनी पहिल्यांदा हेच विचारलं, नक्की किती वाजता सुरू झालं? मी खरी वेळ सांगितली. लगेच आणायला हवं होतं, एवढंच म्हणाले, तेही हळू आवाजात.

तेव्हापासून खिशात एक चिठ्ठी बाळगतो. गेल्या गुरुवारी खालच्या शिंप्याकडे पँटची उंची कमी करायला गेलो होतो. म्हातारपणी माणूस आखूड होतो, कपडे होत नाहीत. बोलता बोलता जीभ जड झाली, डावा हात लुळा पडला. शिंप्यालाही मी चुकवलेल्या कविता ऐकवत असतो; तो हसायला लागला, "काका, आज नवी कविता वाटतं?" मी उजव्या हातानं चिठ्ठी पुढे केली: 'ही थट्टा नाही. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं तर लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा. किती वाजले ते लिहून ठेवा.' बिचाऱ्यानं फोन करता करता खडूनं माझ्या अंगातल्याच पँटवर वेळ लिहिली. डॉक्टरांनी ती तिथूनच वाचली आणि गुठळी विरघळवायचं औषध सुरू केलं. आज घरी आहे. हात अजून मुंग्या आल्यासारखा आहे, एवढंच.

म्हणून हे लिहितोय. तिच्या वेळी जे ओळखता आलं नाही, त्याच्याच जोरावर मी वाचलो, आणि हे वाचणं गिळवत नाही. दोन वर्षं तुला येऊ नकोस म्हणत आलो ते प्रवासाच्या दगदगीसाठी नव्हे. तुझा चेहरा थेट तिचा. त्याच्यासमोर मला खोटं बोलवलं नसतं. माझ्या जन्मातली सगळ्यात मोठी चूक मी खेळ समजून सोडून दिली, बाळा. रागव, पण आता खरं धरून रागव.

तुझाच,
बाबा

ता. क. पाकिटाला डिंक लावत होतो, तेवढ्यात दार वाजलं. शिंपी डबा घेऊन आला असेल म्हणून खिडकीतून पाहिलं, तर बॅग घेऊन तू उभी. त्यानंच कळवलं असणार. थांब, उघडतो. पाकीट अजून चिकटवलेलं नाही, तसंच हातात देतो.