दादाच्या बायोडेटाचा फोटो

बनशंकरी, बेंगळुरू

प्रिय शंतनुदादास, कस्तुरीचा या वेळी न वाकता नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते, असं आईला सांग. तिचा गुडघा कसा आहे?

कॅमेरा घेतल्यापासून माझ्या प्रत्येक फोटोची तू घरच्या ग्रुपवर चिरफाड केलीस. ‘फोकस कुठेय?’ ‘हा आधारकार्डावर लाव!’ सगळे हसले. मीही हसरा इमोजी टाकला आणि महिनाभर कॅमेरा कपाटात ठेवला.

मग दिवाळीत तूच म्हणालास, ‘माझ्या लग्नाच्या बायोडेटासाठी फोटो काढ.’ काढले. त्यातला एक मी इथल्या फोटोग्राफी क्लबात लावला. तिथे कोणी काढला ते न सांगता फोटो दाखवायचा आणि सगळ्यांचं मत ऐकायचं. तिथले सुमंत सर म्हणाले, “प्रकाश उत्तम, मागची बोगनवेल सुंदर. हा माणूस स्वल्प बाजूला झाला असता तर ती पूर्ण दिसली असती.”

काय गार वाटलं म्हणून सांगू!

आई स्थळांना पाठवायला फोटो मागतेय. एक खरंच देखणा आलाय. तो माझ्याकडेच आहे. ग्रुपवरच्या माझ्या चाळीसही फोटोंखाली, सगळ्यांदेखत, ‘छान’ लिही. तोवर स्थळांकडे तुझा आधारकार्डावरचाच जाईल.

आईला साष्टांग नमस्कार. तुला फक्त रविवारपर्यंतची मुदत.

कस्तुरी